दूध-चिकन बंद करण्याआधी: ‘हार्मोनमुळे वजन वाढलं’ ही शंका घरी कशी तपासायची

“मॅडम, दोन महिने झाले. दूध बंद, चिकन बंद. तरी काटा हलून नाही राहिला.”

नंदनवनहून आलेल्या एका ताईंचं हे म्हणणं. मी विचारलं, बंद करण्याआधी वजन किती होतं? आठवेना. पहिलं वजन त्यांनी केलं होतं बंद केल्यावर पंधरा दिवसांनी, तेही मुलीच्या घरच्या काट्यावर. दुधाऐवजी काय खाता? “पनीर. ते तर चांगलंच असते ना?” म्हणजे दूध बंद, आणि दूध फाडून केलेलं पनीर चालू.

नागपुरात आहारसल्ल्याचं काम करताना हा घोळ मला सारखा दिसतो. लोक शंका घेतात त्यात चूक काही नाही, चूक होते ती क्रमात. आधी बंद करतात, मग मोजतात, आणि कारण तर मोबाइलवर आलेल्या व्हिडिओने आधीच सांगून ठेवलेलं असतं. खाली बरोबर क्रम दिला आहे. साधारण तीन-साडेतीन महिने लागतात, आणि सहाव्या पायरीची चाचणी केली तर आणखी दोन. तेवढा धीर नसेल तर निदान पहिल्या तीन पायऱ्या करा.

लागणारं सामान: एक वही, अंकी वजनकाटा, मापाचा कप, चहाचा आणि जेवणाचा असे दोन चमचे, आणि महिन्याच्या किराण्याचं बिल.

पायरी १: ‘हार्मोन’ म्हणजे नेमका कुठला, ते लिहून काढा

वहीत तीन रकाने पाडा: पदार्थ, त्यातला संशयित हार्मोन, आणि तो पोटात गेल्यावर टिकतो का. नुसतं ‘हार्मोन असतात’ असं लिहू नका. नाव लिहायला बसलं की अर्धी शंका तिथेच निवळते.

चिकनपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त बदनाम तेच. “इंजेक्शनचा कोंबडा पस्तीस दिवसांत दोन किलो कसा होते?” होतो, तो त्याच्या वाणामुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात कोंबड्यांचे तीन जुने-नवे वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले होते. २०१४ साली छापून आलेले आकडे असे: ५६ दिवसांत १९५७ चा वाण ९०५ ग्रॅम झाला, १९७८ चा १,८०८ ग्रॅम, आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, हार्मोन कुणालाच नाही. बियाणं निवडत निवडत कापसाचं बोंड मोठं केलं, तसंच हे.

शिवाय वाढीचा हार्मोन हे प्रथिन आहे. खाद्यात मिसळलं तर कोंबडीच्याच पोटात ते पचून जाईल. परिणाम हवा तर प्रत्येक पक्ष्याला पुन्हा पुन्हा टोचावं लागेल. दहा हजारांच्या शेडमध्ये दोन किलोच्या कोंबडीसाठी हा खर्च करायला कुठला शेतकरी तयार होईल? लोक जी सुई पाहतात ती लशीची. बाकी राणीखेत, गंबोरो या रोगांच्या लशी तर बहुतेक वेळा डोळ्यांत थेंब घालून किंवा पिण्याच्या पाण्यातून देतात.

दुधाची गोष्ट वेगळी, कारण तिथे सुई खरंच आहे. वासरू किंवा वगार मेली की म्हैस पान्हा चोरते. कासेत दूध असतं, पण सडात उतरत नाही. जुना गवळी अशा वेळी काय करतो ते मी लहानपणी आजोळी पाहिलं आहे. पुढ्यात भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचं टोपलं ठेवायचं, कोमट पाण्याने कास धुवायची, हळूहळू चोळायची, तोंडाने काहीतरी पुटपुटत राहायचं. दहा मिनिटांनी सड फुगायचे आणि पहिली धार बादलीत वाजायची. ही दहा मिनिटं वाचवायला काही जण ऑक्सिटोसिन टोचतात. गोठ्यात त्याला पान्ह्याचं इंजेक्शन म्हणतात. ते दूध तयार करत नाही, तयार असलेलं खाली उतरवतं. जनावराला अपाय होईल अशा रीतीने दुधासाठी इंजेक्शन देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

पण वजनाचं काय? ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. रक्तात ते काही मिनिटांतच मोडतं, आणि पोटात गेलं तर पचून जातं. बाळंतपणात कळा वाढवायला डॉक्टर हेच औषध देतात, तेही सलाईनमधून. प्यायला देत नाहीत, कारण प्यायल्याने ते लागू पडत नाही. इन्शुलिनची गोळी मिळत नाही, बहुतेकांना टोचूनच घ्यावं लागतं, तोच हिशोब. म्हणजे सुई वाईट आहे, पण म्हशीसाठी. तुमच्या कंबरेचा तिच्याशी संबंध नाही.

व्हिडिओंमध्ये दाखवतात ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. तिथे १९९३ साली गायींना दूधवाढीसाठी आरबीएसटी नावाचा हार्मोन टोचायला परवानगी मिळाली. कॅनडा आणि युरोपीय संघाने ती दिली नाही, आणि कारण होतं गायींना होणारा स्तनदाह आणि लंगडेपणा. हाही प्रथिन-हार्मोन आहे, आणि गायीचा वाढीचा हार्मोन माणसाच्या शरीरात कामही करत नाही.

तिकडच्या गोमांसाबद्दलची शंका मात्र जरा वेगळी, आणि ती उडवून लावू नये. तिथे बैलाच्या कानामागे इस्ट्रॅडिऑल, ट्रेनबोलोन अशा स्टेरॉइड हार्मोनची गोळी बसवतात. स्टेरॉइड हार्मोन प्रथिनासारखे पोटात पचून जात नाहीत. गर्भनिरोधक गोळी तोंडाने घेतली तरी चालते ती त्यामुळेच. युरोपने १९८९ पासून असं मांस घेणं बंद केलं आहे. मात्र अशा मांसात जादा सापडणारं प्रमाण नॅनोग्रॅममध्ये (ग्रॅमच्या अब्जाव्या भागात) असतं, आणि बाईचं शरीर रोज स्वतः बनवतं ते त्याच्या कित्येक पट. आपल्या ताटाला तर तो वाद लागूच होत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि बोकडाच्या कानात गोळी बसवायची पद्धत आपल्याकडे नाही.

तपासा: तिसऱ्या रकान्यात ‘पोटात पचतो’ किंवा ‘आपल्याकडे वापर नाही’ याशिवाय काही उरलं का? बहुतेकांच्या वहीत उरत नाही. तरी पुढे जा, कारण वाढलेलं वजन खरं आहे आणि त्याचं कारण अजून सापडायचं आहे.

पायरी २: चौदा दिवस काहीही न बदलता वजन घ्या

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, म्हणून सगळे गाळतात. गाळली तर पुढचं काहीच कळणार नाही.

काटा फरशीवर ठेवा. आमच्याकडे तो बरीच वर्षं सतरंजीवर होता, आणि मी स्वतः महिनाभर खूश होते. फरशीवर ठेवला त्या दिवशी पावणेदोन किलो परत आले. जागा ठरवा, एखाद्या टाइलवर पेनाने खूण करा आणि काटा तिथेच ठेवा.

वेळ सकाळची, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, कपडे साधारण सारखेच. रोज वजन घ्या, पण रोज विचार करू नका. सात दिवसांची बेरीज करून सातने भागा. तुलना करायची ती एका आठवड्याच्या सरासरीची दुसऱ्या आठवड्याच्या सरासरीशी.

इशारा: रविवारी सावजी जेवलात आणि सोमवारी काटा एक किलो वर गेला, तर ती चरबी नाही. एक किलो चरबी साठायला अंदाजे ७,७०० कॅलरी जादा लागतात. एका रात्रीत तेवढं कुणी खात नाही. तो किलो म्हणजे मिठाने धरून ठेवलेलं पाणी आणि आतड्यातलं अन्न. ‘चिकन खाल्लं की दुसऱ्या दिवशी वजन वाढते’ ही तक्रार इथूनच जन्मते. बुधवारपर्यंत हा किलो उतरतो, पण बुधवारी कुणी काट्यावर चढत नाही.

बायकांनी पाळीच्या तारखा वहीत लिहाव्यात. पाळीआधीच्या आठवड्यात पाण्यानेच वजन वर जातं, म्हणून एका महिन्याच्या त्याच आठवड्याची तुलना दुसऱ्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी करायची. आणि मे संपता संपता हा प्रयोग सुरू करू नका. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत घामाने निथळलेलं शरीर आणि जूनच्या पहिल्या पावसानंतर गरम भजी खाऊन निवलेलं शरीर यांची तुलना फसवी निघते.

पायरी ३: याच चौदा दिवसांत तेल, दूध आणि साखर मोजा

सगळं जेवण मोजायची गरज नाही. जिथे हात सैल सुटतो त्या तीन गोष्टी पुरेत.

तेल: रोजच्या फोडणीत चमचे मोजू नका, कुणालाच जमत नाही. किराण्याचं बिल घ्या. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल आलं समजा. लिटरचं वजन सुमारे ९१० ग्रॅम, म्हणजे पाच लिटरचे ४,५५० ग्रॅम. चार माणसं, तीस दिवस: भागाकार केला की माणशी रोज ३८ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३४० च्या घरात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या ताटासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. बाहेरचं समोसा-कचोरी-तर्रीपोहा या हिशोबात आलेलं नाही, हेही लक्षात ठेवा.

सावजीचं वेगळं लिहा. एकदा घरी पार्सल आणून चमच्याने वरची तर्री, म्हणजे तेलाचा तवंग, काढून बघा. मी काढली तेव्हा एका प्लेटमधून जेवणाचे तीन मोठे चमचे भरून निघाली. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशेच्या आसपास कॅलरी, म्हणजे चिकनला हात लावायच्या आधीच साडेतीनशे. बिचारी कोंबडी! दीडशे ग्रॅम कातडी काढलेलं कच्चं चिकन शिजवलं तर त्यातून पावणेदोनशेच्या आसपासच मिळतात, आणि वर तीसेक ग्रॅम प्रथिनं.

दूध: पिशवीवरचं नाव वाचा, रंगावर जाऊ नका. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश, डबल टोन्डमध्ये १.५, फुल क्रीममध्ये ६. घरचा गवळी म्हशीचं देत असेल तर ७ टक्के धरा, नागपुरी म्हैस तेवढं सहज देते. अर्धा लिटर टोन्ड म्हणजे सुमारे ३०० कॅलरी, फुल क्रीम साडेचारशेला टेकतं, गवळ्याचं घट्ट दूध ५०० पर्यंत. फरक दीडशे-दोनशेचा, रोज. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेत माणशी दिवसाला ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आहे.

इथे एक खास आपल्या घरची फसवणूक होते. “आम्ही तर साय काढूनच दूध पितो.” ती साय जाते कुठे? विरजणाच्या भांड्यात, तिथून लोण्यात, लोण्यातून तुपात आणि तूप पोळीवर. म्हणजे दाराने घालवलेलं खिडकीतून परत आलं. तुपाची बरणी महिन्याला किती भरते ते लिहा आणि तेलाच्या आकड्यात मिळवा.

साखर: चहाचे कप गुणिले चमचे. चार कप, दोन-दोन चमचे म्हणजे चाळीस ग्रॅम साखर, १६० कॅलरी. पाहुण्याकडचा ‘अर्धाच घ्या’ कपही मोजा.

तपासा: चौदा दिवसांच्या शेवटी वहीत चार आकडे हवेत: दोन आठवड्यांची सरासरी वजनं, माणशी तेल-तूप, आणि दूध-साखरेच्या रोजच्या कॅलरी. यातला एक जरी नसेल तर आणखी आठवडा थांबा.

पायरी ४: स्वतःच्या शरीरातले हार्मोन तपासून घ्या

गंमत अशी की म्हशीच्या हार्मोनची काळजी करणाऱ्या पुष्कळांनी स्वतःच्या थायरॉइडची तपासणी केलेली नसते. डॉक्टरांना भेटून टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेसाठी) करायचं का ते विचारा. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील तर पीसीओएस या बायकांमधल्या हार्मोनच्या बिघाडाबद्दल बोला. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. स्टेरॉइड, इन्शुलिन, फिटसाठीचं व्हॅल्प्रोएट आणि मनोविकारांवरची काही औषधं वजन वाढवतात. पण तेवढ्यावरून स्वतःच्या मनाने ती बंद करायची नाहीत, डॉक्टरांना फक्त सांगायचं.

दम्यावर किंवा सांधेदुखीवर ‘जडीबुटी’ची बिननावाची पूड घेत असाल तर तीही दाखवा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. चेहरा गोल होणं, पोट सुटणं आणि हातपाय बारीक राहणं ही त्याची खूण. ताटातल्या हार्मोनवर संशय घेताना उशाशी ठेवलेली पुडी सुटते.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, दोन-तीन दिवस ते थांबवायला सांगतात.

इशारा: थोड्याच दिवसांत वजन भराभर वाढलं, पायांवर सूज आली, झोपल्यावर दम लागू लागला, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ते पाणी हृदय किंवा मूत्रपिंडामुळे साठलेलं असू शकतं. मुलगी आठ वर्षांची होण्याआधी किंवा मुलगा नऊचा होण्याआधी वयात येण्याची लक्षणं दिसली, तर त्यांचं दूध बंद करून वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांकडे न्या. तिथे उशीर झाला तर उंचीचं नुकसान होतं.

पायरी ५: एका वेळी एकच बदल, चार आठवडे

आता बदलायला सुरुवात, आणि क्रम हा: आधी तेल, मग दूध, मग साखर. चिकनला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

तेलाचा बदल स्वयंपाकघरात नाही, किराण्याच्या यादीत करा. पाचाऐवजी साडेतीन लिटर आणा आणि महिन्याच्या मधे दुसरी पिशवी आणू नका. चार माणसांना ते माणशी २६-२७ ग्रॅम होतं. तुपाची बरणी वेगळी असेल तर तेल आणखी पाव लिटर-अर्धा लिटर कमी धरा. पोहे खा, पण वरची तर्री वाटीत वेगळी घ्या आणि चमच्याने घाला. सावजी जेवायला बसलात तर रस्सा ढवळण्याआधी तर्री बाजूला करा. वाढणारा नाराज होईल, होऊ द्या.

दुधात मात्रा तीच ठेवून प्रकार बदला: फुल क्रीमवरून टोन्ड. गवळ्याचंच दूध हवं असेल तर तापवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी जाड साय काढा. पण तिचं तूप किती झालं तेही वहीत लिहा. दूध पूर्ण बंद करण्यात शाकाहारी माणसाचं नुकसान जास्त आहे. ३०० मिलिलिटर दुधातून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम मिळतं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज आहे १,००० मिलिग्रॅम. बी-१२ साठी तर शाकाहाऱ्याला दूध-दह्यावाचून फारसा आधारच नाही.

दोन बदल एकदम केले तर काय होतं ते आमच्या जाऊबाईंनी दाखवून दिलं. त्यांनी पिशवीचं दूध सोडून दुप्पट किमतीचं ‘देशी, हार्मोनमुक्त’ दूध लावलं. तीन महिन्यांत तीन किलो उतरले. सगळ्या नातेवाइकांत डंका. मी एकदा सहज विचारलं, रोज किती घेता? “आधी लिटर घेत होतो, आता अर्धाच. काय करता, महाग किती आहे!” शिवाय त्याच महिन्यात त्या सकाळी फुटाळ्याला फिरायला जाऊ लागल्या होत्या. श्रेय मात्र सगळं गाईला.

तपासा: चार आठवड्यांनंतर सरासरी वजन बघा. रोजच्या दीडशे कॅलरी कमी झाल्या तर कागदावर महिन्याला अर्धा किलोच्या थोडं वर उतरतं. ‘एवढंसंच?’ म्हणून पुढचा बदल घाईने करू नका. अर्धा किलो उतरला असेल तर हिशोब बरोबर चालला आहे.

पायरी ६: तरीही हार्मोनची शंका उरली तर बरोबरीची अदलाबदल करा

इथपर्यंत येऊनही मन मानत नसेल तर एक प्रामाणिक चाचणी आहे. लोक चुकतात ते असं: दूध बंद करतात, म्हणजे कॅलरीही बंद होतात. वजन उतरलं तर ते हार्मोन गेल्याने की कॅलरी गेल्याने, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून २८ दिवस एकच पदार्थ काढा आणि त्याच्या तोडीचं दुसरं काही घाला. ३०० मिलिलिटर टोन्ड दूध काढलं तर पन्नास ग्रॅम फुटाणे खा. दोन्हींत प्रथिनं दहाच्या आसपास, कॅलरी १८० च्या आसपास. कॅल्शिअमसाठी नाचणीची भाकर किंवा तिळाची चटणी जोडा, आणि तिळाच्या कॅलरी मोजून तेवढे फुटाणे कमी करा. चिकन काढलं तर तेवढ्याच वजनाचा रोहू मासा, तेवढ्याच तेलात. चिकनच्या जागी पनीर टाकू नका, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अडीचशेच्या वर कॅलरी असतात.

दूध काढलं असेल तर दही, ताक, खवा, संत्राबर्फी हेही निघालं. हे विसरलात तर चाचणी बाद.

२८ दिवसांनी तो पदार्थ परत आणा, बदली काढा, आणखी २८ दिवस मोजा. दोन्ही वेळच्या सरासरीत अर्ध्या किलोच्या आतला फरक हा पाण्याचा खेळ समजा. त्याहून मोठा फरक पडला तर आधी पायरी ३ चे आकडे पुन्हा काढा, बहुतेकदा तेलच हललेलं असतं. दूध काढल्यावर पोट हलकं वाटलं, गॅस कमी झाला, पण वजन तेच राहिलं, तर दुधातली साखर न पचण्याचा त्रास असू शकतो. डॉक्टरांशी बोला. त्या त्रासात दही बऱ्याच जणांना चालतं.

पायरी ७: खरेदी करताना काय विचारायचं

वजनाचा प्रश्न इथे संपला, पण दूध-चिकन घेताना डोळे उघडे ठेवायला दुसरी कारणं आहेत.

गवळ्याकडून घेत असाल तर महिन्यातून एकदा धार काढायच्या वेळी गोठ्यावर जा. वासरू जवळ आहे का, ढेप कोरडी ठेवली आहे का, ते बघा. भिजून बुरशी धरलेल्या सरकीच्या ढेपेतून अफलाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष दुधात उतरतं, आणि ते उकळूनही जात नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून ६,४३२ दुधाचे नमुने तपासले होते, त्यात अफलाटॉक्सिन ३६८ नमुन्यांत मर्यादेबाहेर निघालं. भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. आपण घाबरतो एकाला आणि पितो दुसरं.

लॅक्टोमीटर बुडवून हार्मोन कळत नाही. तो घनता दाखवतो, फार तर पाण्याचा अंदाज येतो. ‘घरच्या घरी हार्मोन ओळखा’ म्हणून आयोडीन टाकायला सांगतात, त्यातून कळतं ते फक्त पिठूळ स्टार्च.

चिकनच्या पाकिटावर ‘हार्मोनमुक्त’ लिहिलं म्हणून जादा पैसे मोजू नका. अमेरिकेतही कोंबडीला हार्मोन द्यायला परवानगी नाही, आणि तिथे असा शिक्का मारला तर शेजारी ‘हार्मोन द्यायला परवानगीच नाही’ असं छापावं लागतं. विचारायचंच असेल तर अँटिबायोटिकबद्दल विचारा: औषध थांबवून किती दिवसांनी माल काढला? माणसांसाठी राखीव ठेवायला हवं असं कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना वापरायला २०१९ पासून आपल्याकडे बंदी आहे. हा मामला जंतूंना औषध लागू न पडण्याचा आहे, आणि वजनापेक्षा कितीतरी गंभीर.

गावरानी कोंबडी चवीसाठी घ्या, जरूर घ्या. पण ‘तिने वजन वाढत नाही’ म्हणून अर्धा किलो जास्त घेऊ नका. आणि घरी आणलेलं चिकन सिंकमध्ये नळाखाली धुऊ नका. जंतू ओट्यावर उडतात, शिजवल्यानेच मरतात.

नंदनवनच्या ताई सहा आठवड्यांनी परत आल्या, तेव्हा वही आणली होती. तीन माणसांच्या घरात महिन्याला सहा लिटर तेल. माणशी रोजचे साठ ग्रॅम. त्यांनी तो आकडा स्वतःच दोनदा गोल केला होता, आणि खाली लिहिलं होतं: ‘टोन्ड दूध पुन्हा चालू, १ तारखेपासून. तेल ४ लिटर.’ मी चारवर काट मारून तीन केलं.